लेक इजिप्तला उत्खननाला निघाली आणि आईची झोप उडाली

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्या बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये कात्रणांची घडी होती. लक्झॉरजवळ 2013 मध्ये पेटून कोसळलेला बलून, लाल समुद्रात बुडालेली पर्यटकांची बोट, गाझाचं युद्ध. एक कात्रण फार जुनं, सासूबाईंनी जपून ठेवलेलं : इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या ममीचा शाप.

मुलगी पुण्यात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करत होती. लाल समुद्राच्या काठावरच्या एका जुन्या बंदराच्या उत्खननात जानेवारीपासून सहा आठवड्यांसाठी तिची निवड झाली होती. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तिला जाऊ नको म्हणा. तुमचं ऐकेल ती."

परदेशी निघालेल्या मुलांच्या आईवडिलांकडून ही विनंती मला नेहमी होते, आणि मी ती नेहमी नाकारते. पण "काही होत नाही हो, उगाच काळजी करता" असंही मी म्हणत नाही. काळजी करणाऱ्या माणसाला ते वाक्य अपमानासारखं लागतं. मी त्यांना कात्रणं टेबलावर मांडायला सांगितली आणि यातलं कुठलं रात्री डोळ्यांसमोर येतं ते विचारलं. त्यांनी बराच वेळ सगळ्यांवरून नजर फिरवली. "यातलं कुठलंच नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या.

शापाचं कात्रण मात्र मी बाजूला काढलं, कारण त्यात कामाची गोष्ट होती. 1922 च्या नोव्हेंबरमध्ये तुतनखामेनचं थडगं सापडलं. मोहिमेला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन पुढच्या 5 एप्रिलला कैरोत वारले, आणि शापाची आवई तिथून उठली. घडलं होतं एवढंच : गालावर डास चावला, दाढी करताना तो फोड कापला गेला, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं, वर न्यूमोनिया झाला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर पुढे 1939 पर्यंत जगला. शापाच्या तावडीत सापडायला हवे होते अशा 25 जणांच्या आयुष्यांचा हिशेब 2002 मध्ये एका संशोधकाने मांडला. मृत्यूसमयी त्यांचं सरासरी वय निघालं 70. शापाचा काही पुरावा मिळाला नाही.

"म्हणजे ममीने नाही, डासाने मारलं," बाई म्हणाल्या.

"डासाने आणि वस्तऱ्याने."

त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आमची ही तशीच आहे. लागलं तरी सांगत नाही. कामात असली की तिला भान नसतं. मागच्या मे महिन्यात इथेच एका साइटवर चक्कर येऊन पडली. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. मला पंधरा दिवसांनी मैत्रिणीकडून कळलं." बाईंचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, तेरच्या जवळचं. "आमचे गोरोबाकाका नाही का, चिखल तुडवताना भजनात रंगले आणि पायाखाली तान्हं बाळ आलं ते कळलं नाही. लोक त्यांच्या भक्तीचं कौतुक करतात. मला लहानपणापासून त्या बाळाच्या आईचंच वाटत आलंय."

हे त्यांचं खरं कात्रण होतं, आणि ते बिनबुडाचं मुळीच नव्हतं. वाळवंटातल्या कोरड्या वाऱ्यात घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. हिवाळ्यात तर तहानही कमी लागते. जिला मेमध्ये पाण्याची आठवण राहिली नाही, तिला जानेवारीत कुठून राहणार?

पुढच्या वेळी मुलगी एकटी आली, जरा तणतणतच. तिला वाटलं, आईने माझ्याकडे तक्रार नेलीय. मी तिला फक्त तिथे काय आहे ते विचारलं आणि पुढची वीस मिनिटं ती थांबली नाही. बेरेनिके या बंदरात 1999 मध्ये भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. 2022 मध्ये तिथेच बुद्धमूर्ती मिळाली, आणि सातवाहनांची दोन नाणीसुद्धा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तान्तात पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं 'तगर' आहे. तगर म्हणजे तेर. तिथला माल बैलगाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजावर. "मॅडम, आईच्या माहेरचा माल हो!"

हे आईला सांगितलंस का, असं विचारल्यावर ती गप्प झाली.

मग तिची भीती बाहेर आली. बाकीची मुलं युरोपातली, चार-चार मोहिमा केलेली. आपण सहा आठवडे नुसती खापरं धुणार, चिठ्ठ्या लावणार, आणि हात हलवत परत येणार. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. बहुतेक दिवस तसेच जाणार होते. काही सापडलं तरी ते इजिप्तचं. तिथला 1983 चा पुरावस्तू कायदा कडक आहे, वाळूतलं खापर आठवण म्हणून खिशात टाकणंही अंगाशी येऊ शकतं. फोटो परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. ड्रोन तर घरीच ठेवायचा. मग तिचं म्हणून काय उरणार? थर वाचायची सवय, चुन्या-मातीतला फरक ओळखणारं बोट आणि शिफारसपत्र लिहिणारा एखादा माणूस. तेवढ्यासाठी जायचंय का, एवढं तिने ठरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला : जायचंय.

तिसऱ्या बैठकीला दोघी आल्या. वडील बाहेर गाडीत थांबले, आणि बहुधा म्हणूनच बाई इतके दिवस न बोललेलं बोलल्या : "तिथे बरोबर पुरुष कसे असतील?" मुलीने मान फिरवली. मी हा विषय टाळत नाही. रानावनात संशोधन करणाऱ्यांच्या 2014 च्या एका पाहणीत, स्वतःहून उत्तरं दिलेल्या 666 जणांपैकी 64 टक्क्यांनी लैंगिक छळाचा अनुभव नोंदवला होता. बायकांना त्रास देणारे बहुधा स्थानिक अनोळखी लोक नव्हते, मोहिमेतलेच वरिष्ठ होते. म्हणून विचारायचं ते मोहिमेलाच. मुलीने तिथेच बसून ईमेल लिहिली : आचारसंहिता आहे का, तक्रार कोणाकडे करायची, आणि तक्रार त्याच माणसाविरुद्ध असेल तर कोणाकडे? चार दिवसांत नावानिशी उत्तर आलं. उत्तर टाळलं असतं तर मी तिला न जाण्याचाच सल्ला दिला असता, हेही मी त्यांना सांगितलं.

बाकी तयारी त्यांनी आपसांत केली. मी दोनच ठिकाणी टोकलं. एक, औषधांचा डबा : ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकावर तिथे कडक निर्बंध आहेत, तेव्हा घरातली कुठलीही गोळी सवयीने भरायची नाही, प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवून आणि चिठ्ठीसकट. धनुर्वात आणि रेबीजच्या लशींचंही त्यांनाच विचारायचं. दोन, विमा : वाळवंटातून रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून बघायचं.

खरी घासाघीस झाली ती फोन किती वेळा करायचा यावरून. आईला रोज हवा होता. तंबूत रेंजची खात्री नव्हती, आणि रोजचा ठरलेला फोन एकदा चुकला की आई रात्रभर जागणार हे उघड होतं. शेवटी ठरलं : आठवड्यातून दोनदा, सुट्टीचा शुक्रवार नक्की. ठरलेला फोन चुकला तर दोन दिवस थांबायचं, मग कोणाला फोन करायचा ते नंबर फ्रीजवर. आणि मुलीच्या बाजूने एकच कबुली : काही लागलं, खुपलं, चक्कर आली तर त्याच संध्याकाळी मोहिमेतल्या जबाबदार माणसाला सांगायचं. आईला नाही सांगितलं तरी चालेल. हे शेवटचं वाक्य बाईंनी स्वतः म्हटलं, अगदी हळू.

बाराव्या दिवशी बुटाने टाच सोलली. तिने सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी. जखम चिघळली होती, गोळ्या सुरू झाल्या आणि तीन दिवस तिला सावलीत बसवून खापरं धुवायला दिली. शुक्रवारी फोनवर तिने ते आईलाही सांगून टाकलं. बाई माझ्याकडे आल्या त्या चिडूनच : "त्याच संध्याकाळी ठरलं होतं ना?"

मार्चमध्ये मुलगी भेटायला आली, नाकाचं कातडं सोललेलं. खापरं धुण्याच्या त्या तीन दिवसांत तेरच्या खापरासारखं एखादं हाती लागलं का, असं मी विचारलं.

"एकही नाही. शेजारच्या पोलिश मुलीला मिळालं."

बाई मधल्या काळात माहेरी जाऊन आल्या होत्या. गोरोबाकाकांच्या दर्शनाला त्या दरवर्षी जातात, पण तेरच्या संग्रहालयात या वेळी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. "दोन तास होते," त्या म्हणाल्या. "सगळ्या पाट्या वाचल्या."