मुलगी फोन का उचलत नाही, हे विचारलंत का?

पत्र: मॅडम, मी गेली १९ वर्षं इस्टेट एजंट आहे. महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन आहे, त्यांची परीक्षाही पास झालोय. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मागच्या सेमिस्टरला ६१ टक्के. पुढे माझाच धंदा तिने सांभाळावा अशी इच्छा आहे, म्हणून वर्षभर कॉलेज सुटल्यावर तिला ऑफिसात बसवतो. रोज ४० फोन करायचे, एवढंच काम. नंबरांची यादी मी विकत घेतलीय. पण ती मार्केटिंगला कच्ची आहे. फोन सोडून वहीत लिहीत बसते, कोणी काय विचारलं, कुठल्या बिल्डिंगचं काय. संध्याकाळी सातनंतर तिच्या मोबाइलवर पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन आला तर उचलत नाही. त्यात दोन चांगल्या पार्ट्या हातच्या गेल्या. एका क्लासमध्ये एजंटांसाठी तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स आहे. फी ८५,००० रुपये, महिन्याला १०० लीडची गॅरंटी. तो करावा की सरळ मार्केटिंगमध्ये एमबीए? मध्ये एकदा एलएलबी म्हणत होती, पण वकिलीत दहा वर्षं जातात म्हणून मी तो विषय बंद केला. एजंटने आजकाल मार्केटिंग कसं करावं, तेही लिहा, म्हणजे तिला वाचायला देता येईल. — एक वडील

उत्तर: तुमचा प्रश्न कोर्सचा आहे, पण पत्र वाचताना मी ‘संध्याकाळी सातनंतर’ या शब्दांपाशी अडकले. तिथूनच सुरुवात करते.

‘तिच्या मोबाइलवर’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रोज ४० अनोळखी माणसांकडे एका कॉलेजातल्या मुलीचा खासगी नंबर जातो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर महिन्याला हजारावर माणसं झाली. बहुतेक जण ‘नको’ म्हणून फोन ठेवत असतील. पण त्या हजारात रात्री साडेदहाला ‘हाय’ पाठवणारे असतात, डीपी बघणारे असतात, ‘फ्लॅट दाखवायला तूच येणार का’ असं विचारणारेही असतात. तुमच्या मुलीला यातलं काही सोसावं लागलंय का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसावं, कारण फोन का उचलत नाहीस हे तिला विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. दोन पार्ट्या गेल्या, त्यांचा हिशेब मात्र पक्का आहे. कदाचित कारण साधंच असेल, सात वाजता ती अभ्यासाला बसत असेल. तरीही आधी विचारा. आईसमोर, शांतपणे, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

आणि एक. वर्षभर रोज ४० फोन करणाऱ्या मुलीला तुम्ही पगार किती देता? पत्रात तो आकडा नाही. बाहेरची टेलिकॉलर ठेवली असती तर पहिल्या महिन्यात पैसे मोजावे लागले असते. क्लासला ८५,००० द्यायची तयारी आहे, घरातल्या माणसाच्या कष्टाला मात्र दर नाही. ‘सगळं शेवटी तिचंच आहे’ हे वाक्य मी समोर बसलेल्या बऱ्याच व्यावसायिक वडिलांकडून ऐकलंय. शेवटी म्हणजे कधी, हे कुणीच सांगत नाही.

आता त्या यादीबद्दल. १९ वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला हे मी सांगावं लागतंय याचं नवल वाटतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनुसार प्रचाराचे फोन साध्या दहा आकडी नंबरावरून करता येत नाहीत, त्यासाठी वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरमालिका आहे. वैतागलेल्या माणसाने १९०९ वर तक्रार केली तर कारवाई ज्या नंबरावर होते तो तुमचा नाही, मुलीचा आहे. उद्या तिचा नंबर बंद झाला तर बँक, कॉलेज, परीक्षेचे फॉर्म, सगळं अडेल. शिवाय विकत घेतलेल्या यादीतल्या एकाही माणसाने तुम्हाला ‘मला फोन करा’ असं सांगितलेलं नसतं. समोरचा खेकसतो तो त्यामुळे, आणि ते बोलणं तुमच्या वाटचं तिने ऐकलेलं असतं. याला तुम्ही ‘मार्केटिंगला कच्ची’ म्हणता. माझ्या मते तिला मार्केटिंगचं काम तुम्ही अजून दिलेलंच नाही.

गैरसमजाचं मूळ ‘लीड’ या शब्दात आहे आणि तो क्लास तोच गैरसमज ८५,००० ला विकतोय. लीड म्हणजे काय? मोबाइलवर अंगठा फिरवताना एखाद्या जाहिरातीवर थांबलेल्या माणसाचं नाव आणि नंबर. जाहिरातीवर पैसे लावले की असे शंभर नंबर कोणीही मिळवून देईल, त्यात कसलीही कला नाही. गॅरंटी नंबरांची असते, सौद्याची नसते, हे पत्रकात बारीक अक्षरात तरी छापलंय का ते बघा. साबणाची जाहिरात रोज दाखवून चालते, कारण साबण दर महिन्याला संपतो. घर माणूस आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा, तेही कर्ज काढून आणि धास्तावलेल्या मनाने. असा माणूस पोस्टर बघून एजंट निवडत नाही. तो मेव्हण्याला विचारतो, ऑफिसातल्या नुकतंच घर घेतलेल्या बाईला विचारतो, ‘तुमचा माणूस कसा होता?’ त्या प्रश्नाला मिळणारं उत्तर हेच तुमचं मार्केटिंग, आणि ते पाच-सात वर्षांपूर्वीच्या व्यवहारात कधीच ठरून गेलेलं असतं. कमी पडतंय ते हे. नंबर तर तुमच्याकडे ढिगाने आहेत.

माझंच सांगते. घर शोधताना एका एजंटने मला दारातच सांगितलं होतं, ‘फ्लॅट छान आहे, पण बिल्डिंगला ओसी (राहायला जाण्याच्या परवानगीचा दाखला) आलेली नाही. थांबायची तयारी असेल तरच टोकन द्या.’ तो फ्लॅट मी घेतला नाही. त्याचं ब्रोकरेज बुडालं. त्यानंतर मात्र घर शोधणारं कोणीही भेटलं की मी त्याचाच नंबर देते.

म्हणून त्या वहीकडे येऊ. पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. कोणी काय विचारलं आणि कुठल्या बिल्डिंगचं काय, हे एक मुलगी कोणी न सांगता वर्षभर टिपून ठेवतेय! एजंटाने मार्केटिंग कसं करावं असं विचारलंत ना? असंच. एक भाग निवडायचा, फार तर दोन-तीन रस्त्यांचा, आणि तिथल्या प्रत्येक इमारतीची माहिती ठेवायची. सोसायटी झालीय का, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी, लिफ्ट कितव्या वर्षाची, मेंटेनन्स किती, पाण्याचं काय. भाव विचारला तर ‘चालू रेट’ हवेत फेकायचा नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, शोधता येतो, त्यावरून त्याच इमारतीतला आधीचा व्यवहार किती रुपयांना नोंदला गेला ते दाखवायचं. क्षेत्रफळ सांगताना रेरा कायद्यातलं कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, सांगायचं, ज्यात आतल्या भिंती धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. जिने-लॉबीही धरलेल्या ‘सुपर बिल्टअप’ची गोळाबेरीज ऐकून लोक आता दुसऱ्या एजंटाकडे जातात.

हीच माहिती एकेका मिनिटाच्या व्हिडिओत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत सांगितली की झालं डिजिटल मार्केटिंग. ‘रिसेल फ्लॅट घेताना सोसायटीकडून कोणती कागदपत्रं मागायची?’ तिच्या वहीत असे किती प्रश्न असतील याचा मला अंदाज करता येतो. गूगल मॅपवर ऑफिसची नोंद नीट करा, जुन्या गिऱ्हाइकांना तिथे दोन खरे शब्द लिहायला सांगा, फोटो उजेडात आणि पसारा आवरून काढा. यातल्या कशालाही तीन महिने लागत नाहीत.

भाड्याच्या कामाला नाक मुरडत असाल तर तेही सोडा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करून देताना ब्रोकरेज थोडं मिळतं, पण करार संपला की तो माणूस पुन्हा तुमच्याच दारात येतो, आणि आजचा भाडेकरू चार वर्षांनी घर घेतो. तेव्हा त्याला यादीतून शोधावं लागत नाही.

आणि पोस्ट टाकताना नियम सांभाळा, कारण इथे उत्साही मुलंमुली अडकतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची रेरा नोंदणी होण्याआधी त्याची जाहिरात करता येत नाही आणि एजंटाला त्यातला फ्लॅट विकता येत नाही. ‘प्री-लाँच, आजच बुक करा’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे विषाची परीक्षा. एजंटाला दिवसाला १०,००० रुपये आणि वाढत वाढत त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड कायद्यातच लिहिलाय. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराचं संकेतस्थळ लागतं, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. ‘शाळा अगदी समोर’, ‘मेट्रो पाच मिनिटांत’ ही वाक्यं स्वतः चालून बघितल्याशिवाय लिहू नका.

तेव्हा कोर्स नको. ८५,००० तर मुळीच नको. मुलीला या धंद्यात यायचंच असेल तर तुम्ही केलंत तेच तिने करावं. महारेराने २०२३ मध्ये एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण आणि आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची परीक्षा बंधनकारक केली, ती द्यावी, स्वतःच्या नावाने नोंदणी घ्यावी आणि पहिल्या सौद्यापासून ब्रोकरेजमधला ठरलेला वाटा स्वतःच्या खात्यात घ्यावा. एमबीएसाठी कॅट किंवा राज्याची सीईटी असते, हे तुम्हाला माहीत असेल. पण वडिलांचे फोन करायला एमबीए लागत नाही.

‘यायचंच असेल तर’ असं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही बंद केलेला एलएलबीचा विषय मी पुन्हा उघडतेय, रागावू नका. दहा वर्षं कुठून आणलीत? पदवीनंतरचं एलएलबी तीन वर्षांचं असतं, त्याची राज्याची सीईटी आहे, आणि पदवीला ६१ टक्के टिकले तर पात्रतेची अडचण नाही. नाव व्हायला वेळ लागतो, ते कुठल्या कामात लागत नाही? तुमचंही १९ वर्षांत झालं. आता त्या वहीतले प्रश्न कसले असतील बघा: कन्व्हेयन्स, ओसी, सातबाऱ्यावर कोणाचं नाव, वारसांच्या सह्या. हे सगळे कागदाचे प्रश्न आहेत. तीस वर्षांचा टायटल सर्च (मालकी हक्काच्या जुन्या नोंदींचा शोध), मानीव अभिहस्तांतरणाचे (बिल्डर टाळत असेल तरी सोसायटीला कन्व्हेयन्स मिळवून देण्याचे) अर्ज, साठेखत, खरेदीखत, रेरापुढच्या तक्रारी, एवढ्यावर वकिलाचं ऑफिस व्यवस्थित चालतं. तुम्ही स्वतः वर्षाकाठी किती पार्ट्यांना ‘एक चांगला वकील बघा’ म्हणून बाहेर पाठवता, ते मोजा.

अर्थात हा माझा अंदाज. फोनपासून सुटका हवी म्हणूनही ती एलएलबी म्हणाली असेल, आणि फोन बंद झाल्यावर तिला बँकेच्या परीक्षा द्याव्याशा वाटतील. तुमच्या पत्रातून तिच्याबद्दल मला बरंच कळलं, पण तिच्या तोंडचं म्हणून त्यात एकच शब्द आहे, एलएलबी. तेवढ्यावर मी तिचा निर्णय करणार नाही, तुम्हीही करू नका.

हे उत्तर तिला वाचायला देणार आहात, म्हणून चार ओळी तिच्यासाठी. अगं, या महिन्यात ऑफिससाठी वेगळं सिम घ्यायला लाव आणि ते बाबांच्या टेबलावर राहू दे. अनोळखी माणसाला रिकामा फ्लॅट दाखवायला एकटी जाऊ नकोस, सौदा कितीही मोठा असला तरी. शेवटच्या सेमिस्टरचे पेपर संपेपर्यंत ऑफिस बंद, हे बाबांना हेच पान दाखवून सांग. परीक्षेनंतर एक महिना एखाद्या मालमत्तेची कामं करणाऱ्या वकिलाकडे बस, सर्च रिपोर्ट कसा करतात ते बघ. कंटाळा आला तर तेही उत्तरच आहे.

आणि पुढचं पत्र तू लिही. वहीतल्या एखाद्या पानाचा फोटो जोड, नावं आणि नंबर झाकून. कन्व्हेयन्स न झालेल्या बिल्डिंगांबद्दल लोकांनी तुला काय काय विचारलं, ते मला वाचायचंय.