आधी ती वही परत द्या

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेतून ७१ टक्क्यांनी पास झाली. तिला अ‍ॅपचं, म्हणजे यूएक्स डिझाइन (वापरणाऱ्याला सोपं जाईल अशी रचना) करायचं आहे. कोडिंग आल्याशिवाय या क्षेत्रात कुणी दारात उभं करत नाही, म्हणून तिला जावाच्या क्लासला घातलं. दोन चाचण्यांत नापास झाली. रात्री एक वाजेपर्यंत समोर बसून सराव करून घेतो. आजी मोबाइलवर डॉक्टरांची वेळ घेताना कुठे अडते, ते ती एका वहीत टिपत बसायची. ‘“पुढे” हे बटण राखाडी आहे, आजीला वाटलं ते बंद आहे’ असलं काहीबाही. ती वही मी कपाटात ठेवली आहे. जावा जमत नसेल तर पायथॉन लावू का? – एक पालक

उत्तर : जावा की पायथॉन, हा प्रश्न आज सोडून द्या. तुमच्या पत्रात मला खटकले ते मार्क नाहीत, कपाटातली वही खटकली. मुलीला जे शिकायचं आहे, ते ती त्या वहीत आपणहून शिकत होती. तुम्ही तेच बंद केलंत आणि ज्याची आत्ता गरज नाही, त्यासाठी तिला रात्री एकपर्यंत जागवताय. दोन चाचण्यांमधलं अपयश तिचं कमी, या निवडीचं जास्त आहे.

ज्याला तुम्ही काहीबाही म्हणता, ते वाक्य पुन्हा वाचा. ‘आजीला जमत नाही’ असं तिने लिहिलेलं नाही. आजीने काय पाहिलं आणि त्यावरून काय समजून घेतलं, हे लिहिलं आहे. आजीचं चुकलंही नाही. बंद असलेलं बटण बहुतेक अ‍ॅपमध्ये राखाडीच दिसतं. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ : १ इतका काँट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) असावा, हा नियम तिला कुणीही दहा मिनिटांत सांगेल. बोट नेमकं कुठे थबकलं हे टिपण्याची सवय मात्र अशी सांगून लागत नाही, आणि ती तिला लागली आहे.

‘आधी कोडिंग, मग डिझाइन’ हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. १९८५ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीत संशोधन केलेल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी या कामाची तीन तत्त्वं मांडली : सुरुवातीपासून वापरणाऱ्याकडे लक्ष, त्याच्या हाती देऊन प्रत्यक्ष मोजमाप, आणि सुधारून पुन्हा चाचणी. यातल्या एकालाही जावा लागत नाही. उलट नवख्याने कोडिंगपासून सुरुवात केली, की त्याला बांधता येतं तेवढंच सुचू लागतं. महिनाभर खपून केलेली स्क्रीन चुकीची ठरली तरी ती टाकवत नाही. पेन्सिलचा कागद टाकवतो. पुढे एचटीएमएल, सीएसएस या वेबपेज बांधण्याच्या भाषा जरूर शिकू दे, प्रोग्रॅमरशी बोलताना उपयोग होतो. पण ते नंतर.

प्रवेशाचं म्हणाल, तर यूसीड (आयआयटीतल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट ही प्रवेश परीक्षा या दोन्हींना कोणत्याही शाखेची बारावी चालते.

आता क्लासऐवजी काय करायचं ते सांगतो. तिला एकच काम निवडू द्या, डॉक्टरांची वेळ घेण्याचंच. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर, जाड पेनने, पट्टी न लावता. फार नीटनेटकं काढलं, की लोक रंगरूपावर बोलतात आणि अडलेलं सांगत नाहीत. उघडणाऱ्या याद्या आणि ‘चूक झाली’ असे संदेश चिकटचिठ्ठ्यांवर. मग हे कागद म्हणजेच मोबाइल समजून वापरायला एकेक करून पाच माणसं बसवायची, शक्यतो घराबाहेरची, कारण घरचे तिला बरं वाटावं म्हणून गोड बोलतील. सूचना द्यायची ती अशी : ‘उद्या सकाळी दाखवायला जायचं आहे, वेळ घ्या.’ ‘नोंदणीवर दाबा’ म्हटलं तर उत्तरच सांगून टाकल्यासारखं होतं. वापरणाऱ्याला मनातलं मोठ्याने बोलत राहायला सांगायचं. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे समोरचा अडला की मदतीला धावणं. तिथेच गप्प बसायचं, त्या दहा सेकंदांतच खरं काय ते कळतं. ‘आवडलं का?’ हा प्रश्न वर्ज्य. कुठे दाबलं, कुठे मागे आला, कोणता शब्द दोनदा वाचला, एवढंच वहीत. सगळ्यांत जास्त अडवणाऱ्या दोन जागा दुरुस्त करायच्या आणि नवी पाच माणसं बोलवायची. अशा तीन फेऱ्या. पाच हा आकडा एका फेरीचा आहे. आजी आणि कॉलेजची मुलं एकाच पाचांत मिसळली तर काहीच नीट कळत नाही.

खोडलेले, फाडलेले कागद जपून ठेवायला सांगा. नावाजलेल्या अ‍ॅपची मनाने केलेली दहा गुळगुळीत रूपं पोर्टफोलिओत (आपल्या कामाच्या नमुन्यांत) मांडण्यापेक्षा या तीन फेऱ्यांचे कागद जास्त बोलतात. फिग्मा या स्क्रीन आखण्याच्या सॉफ्टवेअरसाठीही वेगळा महागडा क्लास नको, हात बसायला काही आठवडे पुरतात. तीन फेऱ्यांनंतर तिला माणसांना बघत बसण्याचाच कंटाळा आला, तर हे क्षेत्र तिचं नाही. तेही तिने तुम्हाला सांगावं, तुम्ही तिला नाही.

या खेळात एक जण ‘संगणक’ लागतो. वापरणाऱ्याने बोट ठेवलं, की त्याने पुढचा कागद समोर ठेवायचा. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, चुकीचं बटण दाबलं तर त्या बटणाचाच कागद द्यायचा. पहिल्या फेरीला ती जागा तुम्ही घ्या.