वाचकांचे प्रश्न : कासवाची अंडी हलवावीत का?

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही नाशिकहून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या किनाऱ्यावरच्या गावी गेलो होतो. तेथे कासवाची अंडी किनाऱ्यावरून काढून जाळीच्या कुंपणात पुरलेली पाहिली. हा निसर्गातील हस्तक्षेप नव्हे काय? कायदा असताना याची गरज का पडावी?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अंडी आहेत तेथेच उबणे केव्हाही उत्तम. परंतु ज्या किनाऱ्यावर कोल्हे-कुत्री रातोरात घरटे उकरतात किंवा भरतीचे पाणी तेथवर पोहोचते, तेथे ती हलवण्यावाचून इलाज नसतो. ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची मादी सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. ती काही तासांतच, न फिरवता, हलक्या हाताने उचलावी लागतात, कारण पुढे गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावतो. कुंपणातला खड्डाही तेवढाच खोल आणि त्याच घाटाचा करतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते (उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात). त्यामुळे जागा निवडण्यातली चूक महागात पडते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी वाळू खचू लागते आणि पिल्ले वर येतात.

कायद्याचे म्हणाल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, सागरी कासवे आहेत. त्यांची शिकार केल्यास किमान तीन वर्षे कैद होऊ शकते. तरीही वेळासची अंडी सुरक्षित झाली ती २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतल्यावर. पूर्वी अंडी पळवली जात त्याच गावात आज कासवमित्र (अंडी राखणारे गावकरी) पहाटे किनाऱ्यावर मादीचे माग शोधत हिंडतात आणि गावातल्या कासव महोत्सवाच्या पाहुण्यांमुळे घरोघरी चार पैसे येतात. माझ्या मते कायद्याला खरे बळ येथूनच मिळाले. कोळ्यांच्या बाबतीतही तसेच आहे : जाळ्यात अडकलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर राज्य शासन नुकसानभरपाई देते.

पुन्हा जाल तेव्हा पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश वापरू नका. समुद्रापर्यंतचे ते अंतर त्यांना स्वतःच चालू द्यावे. आणि हो, आपल्या गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रच्या किनाऱ्यावरही याच जातीची कासवे अंडी घालतात. रामकुंडावर पाण्यात सोडलेली प्लास्टिकची पिशवी त्याच दिशेने निघालेली असते.