परीक्षा संपायची वाट पाहू नका

ताई, तुमची लेक नववीत आहे. महिनाभर धड जेवत नाही, मैत्रिणींशी बोलत नाही, आणि परवा रात्री म्हणाली, ‘मी नसले तर तुम्ही सगळे सुटाल.’ सासूबाईंना ही नाटकं वाटतात. यजमान म्हणतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल, गावभर बोभाटा होईल. परीक्षेपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारता.

नका थांबू. आजच तिला डॉक्टरांकडे न्या.

मूल असं बोलतं तेव्हा ते खरंच धरायचं. जवळ बसून तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का गं?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. ‘हो’ म्हणाली तर रागावू नका, शपथ घालू नका. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे तर अजिबात नको. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं आत्ताच घराबाहेर, कुणा विश्वासातल्या माणसाकडे कुलपात ठेवायला द्या. जीव द्यायची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. रात्रीही तिला एकटी झोपवू नका.

निघेपर्यंत १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. तिनं स्वतःला काही करून घेतलं, किंवा ती आवरेनाशी झाली, तर मात्र थेट १०८. जिल्हा रुग्णालय गाठा. वाटेत जवळचा दवाखाना लागला तरी चालेल, कारण तातडीच्या वेळी कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला उपचार सुरू करता येतात.

पोलिसांचं म्हणाल, तर मुलीला डॉक्टरकडे नेण्यात पोलिसांचा संबंधच नाही. प्रयत्न झाला असता, तरी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्या माणसाला तीव्र ताणाखालचा मानतो, गुन्हेगार नाही. भरती करावी लागलीच, तर अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायचं, हेही त्याच कायद्यात आहे. यजमानांना एवढं वाचून दाखवा, पण त्यांचं मन वळेपर्यंत बसून राहू नका.

काय सांगून नेऊ, असंही विचारलंत. मावशीकडे जाऊ म्हणून फसवून नेऊ नका. ‘तुला त्रास होतोय, मला काळजी वाटते, डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत आहे,’ एवढं खरं सांगा. आणि तिथं गेल्यावर डॉक्टरांशी थोडा वेळ तिला एकटीला बोलू द्या.