वाडवडिलांचा संप्रदाय म्हणजे नेमकं काय?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय. घर सीएनआयचं, म्हणजे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या प्रॉटेस्टंट मंडळीचं, मुलीची सोयरीक मात्र तिथल्याच सदर भागातल्या कॅथलिक घरात जुळली. व्याही चहाला आले असताना बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय निघाला. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात, तेव्हा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, विचारतात की हे 'वाडवडिलांच्या संप्रदायाप्रमाणे' का चालत नाहीत. ताईंचे यजमान बोलून गेले, "बघा, शास्त्रालाच संप्रदाय नको आहे." व्याही म्हणाले, "आम्ही कुठं संप्रदाय म्हणतो? आम्ही पवित्र परंपरा म्हणतो." भांडण झालं नाही, पण ताईंना दोन गोष्टी हव्यात : या शब्दांत फरक काय, आणि लग्नपत्रिकेत 'कॅथलिक संप्रदाय' लिहिलं तर चालेल का.

आज संप्रदाय म्हटलं की वारकरी, नाथ असा माणसांचा समूह डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे हे वाक्य वाचताना परूश्यांचा कुठलासा पंथ होता असं वाटून जातं. शब्दाची घडण मात्र सम् + प्र + दा अशी आहे, आणि त्यातला 'दा' म्हणजे देणे. गुरूनं शिष्याच्या हाती जे सोपवलं तो संप्रदाय. ते घेणाऱ्यांचा समूह हा अर्थ त्यालाच पुढे चिकटला. वारकऱ्याची माळ बाजारातून आणून आपली आपण गळ्यात अडकवायची नसते, कुणाच्या तरी हातून घालून घ्यायची असते. जुना अर्थ तिथं अजून टिकून आहे.

मूळ ग्रीकमध्ये या जागी 'पॅरादोसिस' आहे. त्याचं क्रियापद 'दिदोमी', म्हणजे मी देतो. संस्कृतातलं 'ददामि' शेजारी ठेवून बघा, धातू एकच. इंग्रजी 'ट्रॅडिशन' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याच्याही पोटात हेच देणं बसलंय. म्हणजे मराठी भाषांतरकारांनी अगदी त्याच मापाचा शब्द काढला होता. आपणच पुढे त्याचा अर्थ आवळून टाकला. 'परंपरा' या शब्दात देणं नाही. तिथं एकामागून एक अशी नुसती रांग आहे. माझं मत विचाराल तर व्याह्यांनी नाकारलेला शब्दच त्यांच्या म्हणण्याच्या अधिक जवळ जातो.

आता यजमानांकडे वळू. मार्कमध्ये येशू ज्याला दोष देतो तोच शब्द पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) चांगल्या अर्थानं वापरतो : तोंडी असो की पत्रातून, जे सोपवलं ते घट्ट धरून राहा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (११:२३) तर गंमतच आहे. पौल म्हणतो, प्रभूकडून मला मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं. आणि त्याच वाक्यात पुढे, ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. भाकरीची आठवण पुढच्यांना देणं आणि माणूस शत्रूला देणं, दोन्ही 'देणं'च. मराठीनं 'धरून देणे' म्हणून तो धागा नकळत राखला, याचं मला फार कौतुक वाटतं.

तेव्हा वाद शब्दाचा नाही, दिलेलं खरं की भेसळीचं हे कुणी ठरवायचं याचा आहे. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १५४६ साली सांगितलं की लिखित ग्रंथ आणि अलिखित परंपरा दोन्ही सारख्याच आदरानं स्वीकारायच्या. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं त्यात भर घातली : दोन्ही एकाच झऱ्यातून येतात, त्यांचा अधिकृत अर्थ सांगण्याचं काम पोप आणि बिशपांकडं, पण ते वचनाच्या वर नाहीत, त्याचे सेवक आहेत. प्रॉटेस्टंट म्हणतात, परंपरा असू द्या, पण तिला शास्त्राच्या तराजूत तोला. नाकारत तेही नाहीत. नाइसियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी कबुली, तेही म्हणतातच. आणि हे नागपूरकरांनी तरी विसरू नये, कारण सीएनआयची स्थापनाच इथं २९ नोव्हेंबर १९७० ला झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे फक्त जाणत्यांना देणारे बाप्टिस्टही, म्हणून तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या माणसाचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य करावे लागले. हात ठेवून बिशप नेमणंही चालू राहिलं. तेही हातोहात आलेलंच की.

जाता जाता मराठी बायबलमधल्या आणखी एका शब्दाकडे लक्ष द्या, 'नीतिमान ठरणे'. कोर्टात माणूस निर्दोष 'ठरतो', 'होत' नाही. प्रॉटेस्टंट विचार नेमका हा आहे : देव विश्वासावरून आधी नीतिमान ठरवतो, जगण्यात ते उतरत जाणं म्हणजे पवित्रीकरण, आणि तो टप्पा वेगळा. कॅथलिकांना 'ठरणे' अपुरं वाटेल. त्यांच्या मते कृपेनं माणूस आतून नीतिमान 'होतो' आणि साक्रामेंतांच्या, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या पवित्र संस्कारांच्या, आधारानं त्यात वाढतही जातो. एका क्रियापदात एक अख्खी बाजू घेतली गेली आहे. लुथरन आणि कॅथलिक यांनी १९९९ मध्ये याच विषयावर संयुक्त घोषणा करून बरंच अंतर मिटवलं, पण मराठीत 'ठरणे'ला जोड अजून सापडलेली नाही.

राहिली पत्रिका. 'कॅथलिक संप्रदाय' लिहू नका. व्याकरणानं चूक नाही, पण आजच्या अर्थानं तो गट वाटेल, आणि ते स्वतःला 'ख्रिस्तसभा' म्हणवतात, जसं तुमच्याकडे 'मंडळी' म्हणतात. 'पंथ' वर्तमानपत्रात ठीक, सोयरिकीत नको. खरं तर दोन्हीची गरजच नाही, चर्चचं नाव पुरे. फक्त ते पूर्ण लिहा. कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही सदरमध्येच आणि सीएनआयचं ऑल सेंट्स कॅथेड्रलही. नुसतं 'कॅथेड्रल, सदर' छापलंत तर उमरेडहून येणारे पाहुणे ऑटोवाल्याच्या मर्जीप्रमाणे कुठेही उतरतील.