आधी चूल विचार

प्रिय बाय,

तुझं पत्र आणि लॉकडाऊनच्या अभ्यासासाठी तू घरोघरी भरून घेतलेले फॉर्म मिळाले. रात्री जेवणं उरकल्यावर सगळे वाचून काढले. ‘लॉकडाऊनमध्ये आपण घरी राहण्याचा नियम पाळलात का?’ या प्रश्नासमोर जवळजवळ प्रत्येक घराने ‘पूर्णपणे’वर खूण केली आहे. आणि शेवटच्या फॉर्मवर तू पेन्सिलीने लिहिलंयस, ‘मावशी, सगळे धडधडीत खोटं बोलतात. मी हे असंच लिहू का?’

असं लिहू नकोस. लोक खोटं बोलतात एवढंच लिहायचं होतं तर रत्नागिरीहून दापोलीपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी करत यायची गरज नव्हती.

तुझा राग मला कळतो. २०२०च्या मे महिन्यात तुम्ही नालासोपाऱ्याहून आलात तेव्हा तू नववीत होतीस. गावातल्या शाळेत तुम्हाला ठेवलं होतं आणि तुझी सख्खी चुलती फाटकापाशी भाकऱ्यांचं फडकं ठेवून मागे सरकून उभी राहायची. हाक मारायची नाही, नुसती खाकरायची. तीच चुलती आज तुझ्या फॉर्मवर ‘गावात कोणाला अडवलं होतं का?’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिते. वाचून तुझ्या पोटात कालवलं असणार. पण या अभ्यासातून जुना हिशेब चुकता करायचा असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी माझ्या परीने वेगळी होते.

साथीत घरी थांबणं गरजेचं होतं, यावर तुझंमाझं दुमत नाही. आयुष्यभर आरोग्य खात्यात काढल्यावर ते मला नव्याने पटवून घ्यायचं नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. एखादा घरी थांबला की नाही हे विचारण्याआधी त्याच्या घरची चूल कशावर पेटते ते विचार. तुझ्या फॉर्ममध्ये वय आहे, शिक्षण आहे, जात आहे, मोबाइल आहे की नाही तेही आहे. चूल नाही.

२५ मार्च २०२०ला देश बंद झाला. आपल्याकडे काय दिवस होते आठव. आंबा उतरवायला आलेला, काजू जमिनीवर पडलेला, आणि समुद्रात पावसाळी बंदीआधीचे शेवटचे दोन कमाईचे महिने. ज्याच्या घरात पेन्शन येते त्याने ओटीवर बसून रस्त्यावरची माणसं मोजली. मासेमारांच्या खारवीवाड्यात पेन्शन कोणाला? १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिली, पण बंदरात गर्दी नको म्हणून लिलाव बंद, बर्फ मिळेना, गाड्या मुंबईला जाईनात. होडीला परवानगी होती आणि मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. मग बायका पहाटे परसदारी येऊ लागल्या. नेहमीची हाळी नाही, पाटीवर ओलं फडकं, त्यावर केळीचं पान. मागच्या पायरीवर साबणाच्या पाण्याची वाटी ठेवलेली असायची, पैसे त्यात टाकायचे. नोटा पडवीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. आता सांग, ती बाई घराबाहेर पडली म्हणून बेजबाबदार, आणि तिच्याकडून बांगडे घेऊन दार लावून बसलेली माणसं ‘पूर्णपणे’? तुझ्या फॉर्मप्रमाणे तसंच होतं. त्या घरांना घरी बसवलं कोणी? त्या बाईने बसवलं.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, हे खरं. त्याने पुष्कळ घरं तगली. पण नुसत्या भातावर माणूस किती दिवस दाराआड बसेल? तेल, मीठ, म्हाताऱ्याची बीपीची गोळी, रिचार्ज, यातलं काही रेशनवर येत नाही.

मुंबईतल्या चाकरमान्यांचंही तेच. दहा बाय दहाची खोली, त्यात सात माणसं, संडास साऱ्या मजल्यात एक, कारखाना बंद, मालक फोन उचलत नाही. तिथे ‘घरी राहा’ ऐकून त्यांनी काय करावं? रेल्वे बंद होती तर काही जण रुळांवरून चालत निघाले. रेशनकार्ड गावचं, देव गावचा, घराचं सामायिक खातं गावचं. ते घरीच येत होते. आणि गावातले, ज्यांनी महिनाभर शिमग्यानंतरचे सगळे कार्यक्रम गुंडाळून ठेवले होते, त्यांना वाटलं की आपण पाळलं ते सगळं आता ही माणसं धुळीला मिळवणार. दोन्हीकडची माणसं आपापल्या मते नियम पाळतच होती. तुझी चुलती यातच आली. तिच्या घरी तेव्हा दमेकरी सासरा होता. तुझा आजोबा. हे तू फॉर्ममध्ये कुठे लिहिणार होतीस?

आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. अडीच महिने ‘घराबाहेर पडू नका’ म्हणून ओरडणाऱ्या भोंग्यावरून ‘घरं सोडा, पक्क्या इमारतीत जा’ अशी हाक द्यावी लागली. पक्की इमारत म्हणजे बहुतेक गावांत शाळा, आणि शाळेत तर मुंबईकर ठेवलेले. हर्णै, आंजर्ले, केळशी या सगळ्या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. छप्परच नसलेल्या माणसाला घरी राहा कसं सांगायचं, याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, एकाच विहिरीवर सगळे. तुझ्या फॉर्ममध्ये निसर्गचा एक शब्द नाही. दापोली तालुक्यात बसून २०२०चा अभ्यास करायचा आणि वादळ गाळायचं, हे मला खरंच समजलं नाही.

आता माझ्याबद्दल. तुला कोणीतरी सांगितलंय की मावशीने तेव्हा लपवाछपवी केली. तू सरळ विचारलं नाहीस, पण पत्रात दिसतं. काय झालं ते ऐक. हातावर विलगीकरणाचा शिक्का मारलेल्या माणसांची चार-पाच घरं होती. त्यातली काही माणसं रात्री खाडीवर जाऊन यायची. गावाच्या कोरोना कृती दलातल्या काहींनी मला सांगितलं, नावं द्या, त्यांचं पाणी तोडतो आणि नावं देवळासमोरच्या फळ्यावर लिहितो. मी दिली नाहीत. दवाखान्याच्या वहीत नोंद केली, डॉक्टरांना सांगितलं, त्या घरी जाऊन त्या माणसांना तोंडावर झापलं, आणि कोणाच्या घरात डाळ-मीठ नाही ते बघून सोय लावली. फळ्यासाठी नावं दिली नाहीत. आजही देणार नाही. काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

आणि त्याचं फळ मी बघितलंय. त्यानंतर माणसं अंधार पडला की माझ्या पडवीत येऊ लागली. ‘ताई, वास येत नाही.’ ‘ताई, पोराचं अंग गरम लागतंय.’ आपणहून आली, कारण त्यांना माहीत होतं की सकाळी फळ्यावर नाव लागणार नाही. शेजारच्या वाडीत एका घराला बांबू आडवे बांधून सगळ्यांनी बोलणं टाकलं होतं. ते बघून त्याच्या पलीकडच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने ताप अंगावर काढला. वय फार नव्हतं. बोटाला यंत्र लावलं तेव्हा आकडा बघून आशाताई रडायलाच लागली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेला, तिथून तो आला नाही. त्याच्या बायकोला आज विचार, ‘नियम पाळलात का?’ ती म्हणेल, पूर्णपणे. आणि ते खरं असेल. ती हू की चू न करता घरात बसली, नवरा तापाने फणफणत असताना.

हे काही नवं नाही गं. १३ मार्च २०२०ला राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७चा, प्लेगच्या वेळचा. तेव्हाही शिपाई घरात शिरून आजारी माणसाला उचलून नेत, म्हणून लोक आजारी माणूस लपवत. तेव्हाही गिरण्यांतली कोकणी माणसं मुंबई सोडून गावाकडे धावली होती. भीती घातली की माणूस घरात राहतो, पण आजारही घरातच राहतो.

तू विचारशील, मग लोक ऐकतात तरी कधी? मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला जाऊन ये. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव वेशीबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन तीन दिवस, तीन रात्री. गावपळण. रिकाम्या गावात कोणी पाऊल टाकत नाही, आणि त्यासाठी पोलीस लागत नाही. श्रद्धा आहेच. पण आणखी एक बघ, तिथे सगळेच बाहेर पडतात. मानकऱ्याची चूलही तीन दगडांवर आणि मजुराचीही. एकाने पेन्शनवर बसायचं आणि दुसऱ्याने उपाशी बसायचं, असं तिथे नसतं.

म्हणून फॉर्म बदल. ‘पाळलात का’ हा प्रश्नच काढ, त्याला कोण नाही म्हणेल? विचार की मीठ संपलं तेव्हा कोणी आणलं. पाणी कोण भरायचं, किती वाजता. घरात किती माणसं होती आणि कोण कुठे झोपायचं. संडास आत होता की बाहेर. त्या दोन महिन्यांत पैसा कुठून आला, कोणाकडून उसना घेतला, तो फिटला का. कोणाला डबा दिला, कोणी दिला. गणपतीला मुंबईहून कोण आलं, दहा दिवस वेगळं कुठे ठेवलं, आरतीला त्याने कुठे उभं राहायचं. बाई उत्तर देत असेल तर पुरुषाला उठव, तो मध्ये बोलतो. आणि लिहून घेताना मान वर ठेव. तू खाली बघून खुणा करतेस, मी पाहिलंय, समोरचा लगेच मोजकं बोलायला लागतो.

आधी चूल, मग बाकीचं. तुला कंटाळा आला असेल तरी परत सांगते, कारण गाईडच्या पुढ्यात बसलीस की तू हेच पहिलं विसरशील. ते टक्केवारी मागतील. दे. पण टक्केवारी कमावणाऱ्याच्या धंद्याप्रमाणे वेगवेगळी काढ. मग बघ ‘बेजबाबदार’ कोणत्या वाडीत जास्त निघतात आणि का.

चुलतीकडे मात्र फॉर्म नेऊ नकोस. ती तुझ्या अभ्यासाची नाही, तुझी आहे. तिला विचार की त्या दिवसांत भाकऱ्या भाजायला ती किती वाजता उठायची, आणि सासऱ्याला सांगून यायची की न सांगता. मला उत्तर माहीत आहे. तिच्या तोंडून ऐक.

पुढच्या शनिवारी आलीस तर हर्णैला जाऊ. लिलाव संध्याकाळी असतो, तेव्हा बायका कामात असतात, म्हणून जरा आधी पोचायला हवं. परसदारी मासळी घेऊन येणाऱ्यांपैकी दोघींशी मी बोलून ठेवते. नवे प्रश्न वहीत लिहून आण, छापून आणू नकोस.

तुझी,
मावशी