साडेबाराचं ऊन

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमावास्येच्या रात्री ट्रायपॉड घेऊन ठाण्यातल्या जुन्या ज्यू दफनभूमीची भिंत चढायचा तुम्हा मित्रांचा बेत तुझ्या पत्रातून कळला. तिथे पांढरं काहीतरी फिरतं म्हणे. जाऊ नकोस. नातलगांच्या भावना दुखावतील हे माहीत असूनही दफनभूमीत घुसणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. शिवाय वाढलेल्या गवतात रात्री घोणस पायाखाली येऊ शकते.

ते पांढरं काय असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी ते टिपलंय. फिल्मचे दिवस होते. श्रावणातली संध्याकाळ, हवेत भुरभुर, आणि फ्लॅश लेन्सला अगदी खेटून. वीतभर अंतरावरचा थेंब फ्लॅशमध्ये उजळतो, पण फोकसमध्ये नसतो, म्हणून त्याची धूसर पांढरी चकती होते. धुळीचं, चिलटांचंही तेच. माझ्या फोटोत एका थडग्यावर अशा चार चकत्या आल्या. एका साप्ताहिकानं तो आत्म्यांचा फोटो म्हणून छापला आणि मी पैसे घेतले. आठवड्यानं एक वयस्क बाई घर शोधत आल्या. रागावल्या नाहीत. “तो माझ्या आजीचा दगड आहे. तिचं नाव तरी नीट दिसेल असा फोटो काढायला हवा होता,” एवढंच म्हणाल्या. बोली थेट आपल्या अलिबागकडची. आणि मी तोवर ते नाव वाचलंच नव्हतं. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

तू आधी नावं वाच. ही माणसं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं जहाज फुटलं, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ठाण्यातलं त्यांचं शार हाशमाईम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं. आडनावं बघ: रोहेकर, पेणकर, चेऊलकर. गावांवरून पडलेली, आपल्यासारखीच. एकाच दगडावर हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठी डावीकडून उजवीकडे, तेव्हा फ्रेम घेताना कुठलीच ओळ कापू नकोस. हिब्रू वर्ष आकड्यांत असेल तर ३७६० वजा कर. ५६८४ म्हणजे १९२४. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात पालटतं, म्हणून कधी त्याच्या आधीचं वर्ष निघतं.

आता उजेडाचं. झिजलेलं अक्षर समोरच्या उजेडात सपाट होऊन जातं. त्याला कडेनं घासून जाणारं ऊन लागतं, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली साठते. आडव्या शिळेसाठी सकाळ-संध्याकाळ ठीक. पण पूर्वेकडे तोंड करून उभ्या दगडावर सकाळचं ऊन थेट आदळतं. त्याच्यासाठी हिवाळ्यात दुपारी बारा ते साडेबारापर्यंत थांब. भर बाराला असल्या जागी फिरकू नये असं आजी सांगायची, पण ठाण्यात सूर्य माथ्यावरून कलतो तो साडेबाराच्या आसपास, आणि त्याच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं सोन्यासारखी असतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडाला हिवाळ्यात ऊनच मिळत नाही. तिथे दुसऱ्या कुणाला तरी उन्हात उभं करून आरशानं कवडसा कडेनं पाडायला सांग. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ ८, आयएसओ १००.

अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, पीठ काही चोळू नकोस. तारेचा ब्रश तर नकोच. लिंबू किंवा व्हिनेगरनं संगमरवर अक्षरशः विरघळतो. एकदा गेलेलं अक्षर परत येत नाही. शेवाळही तसंच राहू दे.

आधी सिनेगॉगमध्ये जाऊन विश्वस्तांना भेट, काय आणि कशासाठी काढणार ते सांग. शनिवारी जाऊ नकोस, शब्बाथ असतो, त्यांचा विश्रांतीचा दिवस. परवानगी मिळाली तर राखणदाराला विचारूनच आत पाऊल टाक. कुणाचं दफन चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. थडग्यांवर ठेवलेले लहान खडे दिसतील, ते भेटायला आलेल्यांनी ठेवलेले असतात. फ्रेममध्ये आड आले तरी हलवू नकोस.

आरसा माझ्याकडचा ने. दीड फुटी आहे, कडांना टेप लावलीय. ज्या रविवारची परवानगी मिळेल, त्या दिवशी दहाच्या आत घरी ये, चहा घेऊन निघू. कवडसा मी धरतो.

तुझा,
काका